सात सीटच्या गाडीत डबल बेल

आमच्या ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की कंपनीच्या माणसाला फोन करत नाहीत, मला हाक मारतात! फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतोय, पण खोटं नाही. यंत्र कुठलंही असो, त्याचं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. लोक वॉशिंग मशीन आणतात आणि सरळ कपडे टाकतात. मी आधी सूचना वाचतो, मग धोक्याचे इशारे वाचतो, मग पुन्हा सूचना वाचतो. तोवर बायकोने कपडे हाताने धुऊन वाळत घातलेले असतात, तो भाग वेगळा.

तेव्हा आम्ही सात सीटची मोठी गाडी घेतली आणि तिच्याबरोबर चारशे बारा पानांचं पुस्तक आलं, त्या दिवशी मला काय आनंद झाला असेल, विचार करा! पंधरा दिवसांत पुस्तक तोंडपाठ. ही गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. तिला पुढे डोळा, मागे डोळा, आरशांखाली डोळे. पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं की ती ओरडते. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेलात की ओरडते, आणि तरीही तुम्ही ऐकलं नाहीत तर स्वतःच ब्रेक मारते! मागे घेताना कुंपणाची एक फांदी दिसली तरी माणूस चिरडल्यासारखी किंचाळते. थोडक्यात, घरात एक आत्याबाई आणून ठेवावी तसं.

मला या ओरडण्याचा त्रास नव्हता. त्रास बाबांना होता.

आमचे बाबा शहर बसचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. आणि आई त्याच बसवर कंडक्टर! तेरा वर्षं बाबा पुढे आणि आई मागे. लग्नही त्या बसमुळेच झालं. आता दोघंही निवृत्त आहेत. बाबांना सत्तरावं लागलंय, नजर चांगली, हात स्थिर. पण नवी गाडी कुईंकुईं करायला लागली की बाबा बिचकायचे. मागे घेताना एकदा त्यांनी चार वेळा उतरून गाडीखाली वाकून पाहिलं. पाचव्या वेळी शेजारीही येऊन वाकले.

नेमकी त्याच दिवशी आमची ताई माहेरी आली होती. ताई शाळेत मुख्याध्यापिका. तिच्यापुढे सरळ उभं राहिलेलं माणूससुद्धा आपण वाकडे तर नाही ना म्हणून स्वतःकडे बघतं. ती म्हणाली, "बाबांनी आता गाडी सोडावी."

सगळ्यांनी आईच्या गुडघ्यांकडे बघितलं. कारण नुकतंच डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, गुडघ्यांसाठी आठवड्यातून तीनदा तलावात उतरून व्यायाम करा. पोहण्याचा तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला रविवारखेरीज सवड नाही. बाबा म्हणाले होते, "मी नेईन की तिला." एवढंच म्हणाले होते, पण त्या दिवसापासून ते शीळ घालत फिरत होते. ताई बोलली आणि शीळ थांबली. बाबांनी खिशातून लायसन्स काढलं, एकदा बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. मला फार वाईट वाटलं हो!

"एक संधी दे," मी ताईला म्हणालो. "परीक्षा घे. रविवारी सकाळी. पास झाले तर चालवतील."

"वीस मार्कांची घेईन," ताई म्हणाली. "बारा मिळाले पाहिजेत. आणि पेपर मी सोपा काढत नाही."

आता माझी खरी कामगिरी सुरू झाली. शनिवारी दुपारी मी गाडीत जाऊन बसलो आणि सेटिंग उघडलं. बाबांना त्रास कशाचा? त्या कर्कश कुईंकुईंचा! मग तो आवाजच बदलून टाकला तर? पान तीनशे सहा. इशाऱ्यांसाठी चार आवाज उपलब्ध होते. 'थेंब' लावला तर गाडी गळतेय असं वाटायला लागलं. 'पाखरू' लावलं तर बॉनेटमध्ये चिमणी अडकल्यासारखं. 'लाकूड' म्हणजे कुणीतरी बाहेरून दार ठोठावतंय. चौथा होता 'बेल'. वा! काय तो आवाज! खणखणीत, तरी गोड. साध्या इशाऱ्याला एकदा टण, गंभीर इशाऱ्याला दोनदा टण टण.

मी बायकोला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे. बाबांना ऐकवलंस का?"

"उद्याच ऐकतील! सरप्राइज!"

"चालतंय ते चालू द्यावं माणसाने," असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली. एक टण आणि दोन टण. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता बाबा तयार. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी चारही टायरांना एकेक लाथ घातली.

"अहो बाबा, टायरमधली हवा पडद्यावर दिसते! पान एकशे चाळीस!"

"दिसू दे की," म्हणाले आणि चौथ्या टायरला आणखी एक घातली.

पुढे बाबांच्या शेजारी ताई, हातात पॅड आणि लाल पेन. मधल्या रांगेत आई. आईने तलावाची पिशवी बरोबर घेतली होती, टॉवेल, टोपी सगळं. निकाल लागायच्या आधीच! आणि मला ताईने तिसऱ्या रांगेत पाठवलं, कारण परीक्षेत कुणी उत्तर सांगायचं नाही. तिसरी रांग ही गाडीत सात माणसं बसतात असं छापता यावं म्हणून केलेली असते. गुडघे हनुवटीला टेकवून मी बसलो. गाडीची चावी खिशातून मांडीत टोचत होती. बटणाची गाडी, चावी जवळ असली की झालं.

बाबांनी बटण दाबलं, आरसे बघितले, गाडी इतकी अलगद बाहेर काढली की ताईचा लाल पेन कागदावर टेकलाही नाही. कोपरा उत्तम. गतिरोधक उत्तम. मी मागून म्हणालो, "बघितलंस?"

"परीक्षार्थींच्या नातेवाइकांनी गप्प बसावं," ताई म्हणाली.

आणि चाक जरासं पांढऱ्या पट्ट्यावर गेलं.

टण!

बाबांनी ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध! मागच्या चार गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. बाबा मात्र शांत. आरशात बघत त्यांनी विचारलं, "कोण उतरतंय?"

"कोण उतरतंय म्हणजे?" ताई किंचाळली. "बाबा, आपण रस्त्यात आहोत!"

"मग चला," बाबा गोंधळून म्हणाले आणि निघाले. ताईने लिहिलं, कारण नसताना थांबले, उणे दोन.

"ताई, तो पट्ट्याचा इशारा होता!" मी ओरडलो. "त्याची संवेदनशीलता 'मध्यम'वर आहे, 'कमी'वर करता येते! पान दोनशे अठ्ठावीस!"

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा बरोबर नव्हता, कुणीतरी तिच्या कपाटात हात घातल्यासारखा.

दोन मिनिटांनी पुन्हा चाक पट्ट्याकडे सरकलं. या वेळी गाडीने आधी स्वतःच स्टिअरिंग हलकेच ओढलं. बाबांनी फाटकन स्टिअरिंगवर चापट मारली. "हात काढ!"

"मी नाही लावला बाबा!" ताई म्हणाली.

"मग कोणी लावला?"

टण!

पुन्हा ब्रेक! आईच्या पिशवीतला शांपू पुढे ताईच्या पायाशी जाऊन पडला. "उतरा लवकर," बाबा स्वतःशीच पुटपुटले आणि मग आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकले. ताईने उणे दोन लिहिलं. विसातले सोळा उरले आणि घर अजून दिसत होतं!

पुढे सिग्नल होता. लाल. सिग्नलला गाद्यांनी भरलेला एक टेम्पो उभा होता. बाबांनी पन्नास पावलांवरूनच गाडी हळू केली, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. मी मनात म्हणालो, आता बघ. टेम्पो जवळ आला. गाडीला तो जरा जास्तच जवळ वाटला आणि तिने गंभीर इशारा दिला.

टण टण!

आणि बाबांनी पाय दिला! ब्रेकवर नव्हे हो, ॲक्सिलरेटरवर! पूर्ण विश्वासाने! गाडी गाद्यांच्या दिशेने झेपावली, ताईने "बाबाऽऽ!" म्हणून पॅड डोळ्यांवर धरलं, मी तिसऱ्या रांगेतून दुसऱ्या रांगेत आलो, आणि तेवढ्यात गाडीने स्वतःचा ब्रेक स्वतः मारला. टेम्पोची मागची फळी आणि आमचं नाक यांत वीतभर अंतर राहिलं.

टेम्पोवाला उतरून आला. "काका, एवढ्या गाद्या आहेत म्हणून आपटायचंच का?"

बाबा म्हणाले, "दोन झाल्या."

"काय दोन झाल्या?"

टेम्पोवाल्याने ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे, मी आईकडे. आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. सिग्नल हिरवा झाला. टेम्पोवाला मान हलवत गेला. ताईच्या कागदावर लाल पेनाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती, आणि खाली अक्षरं थरथरत होती, उणे चार.

"आपोआप ब्रेक लागला की नाही?" मी पुन्हा तिसऱ्या रांगेत चढत म्हणालो. "म्हणजे यंत्रणा उत्तम चालतेय!"

"यंत्रणेची परीक्षा नाहीये!" ताई गरजली. "बाबा, गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता."

बाबांनी गाडी बाजूला घेतली. चौतीस वर्षं जिथे गाडी बाजूला घेतली तिथेच घेतली, बसस्टॉपवर! फुटपाथला अगदी समांतर, दार बरोबर रांगेसमोर. स्टॉपवर एक ठेंगण्या बाई भलीमोठी कुंडी घेऊन उभ्या होत्या, कुंडीत कमरेएवढं रबराचं झाड. गाडी उभी केली की दारांची कुलपं आपोआप उघडतात, पान एकाहत्तर. बाईंनी दार उघडलं आणि झाडासकट आत आल्या.

"पुढच्या वळणाला सोडा हं," त्या म्हणाल्या.

"अहो, ही आमची स्वतःची गाडी आहे!" ताई म्हणाली.

"असू दे, मला चालेल," बाई म्हणाल्या.

आता आईने बाईंना उतरवायला हवं होतं की नाही? पण आईच्या तोंडून निघालं, "कुंडी मांडीवर घ्या, वाटेत ठेवू नका!" असं म्हणून तिने स्वतःच जीभ चावली. बाईंनी कुंडी मांडीवर घेतली. झाडाची पानं माझ्या नाकात गेली. बाईंनी दार ओढलं, ते अर्धवटच लागलं.

टण!

बाबांनी हँडब्रेक आणखी वर ओढला. आणि मग त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "ताई, नापास लिही," ते हळू आवाजात म्हणाले. "डोकं सांगतंय एक आणि पाय करतोय दुसरंच. मी म्हातारा झालो, पोरी. तुझं बरोबर होतं."

ताईचासुद्धा पेन थांबला, डोळे भरले, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी नाक पुसायला रुमाल काढला. तेवढ्यात मधल्या रांगेतून आवाज आला. असला आवाज मी आईचा जन्मात ऐकला नव्हता.

"म्हातारे-बितारे काही झालेले नाहीत ते! आधी मला हे सांगा, यांना बेल कोण देतंय?"

"बेल?" मी म्हणालो.

"मगापासून ऐकतेय मी! सिंगल दिली की थांबतात, डबल दिली की निघतात. चुकतायत कुठे? तेरा वर्षं दोरी मी ओढली. लाल सिग्नलला कधी डबल दिली नाही, चालत्या रस्त्यात कधी सिंगल दिली नाही. आणि ही कोण टपकली मला न विचारता यांना बेल देणारी?"

एकदम सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे ताईच्या पडला, बाबांच्या पडला, कुंडीवाल्या बाईंच्यासुद्धा पडला. त्या म्हणाल्या, "अय्या, एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला! मला वाटलंच!" माझ्या डोक्यात सगळ्यात शेवटी पडला, कारण मध्ये झाड होतं.

बाबांचा चेहरा खुलत गेला. "अगं, मला वाटलं तूच देतेयस!"

"मी? लाल सिग्नलला डबल?"

"मलाही जरा नवल वाटलं. पण म्हटलं, तू दिलीस म्हणजे काहीतरी विचार करूनच दिली असशील!"

आई लाजली. कुंडीआडून मला स्पष्ट दिसलं, सहासष्ट वर्षांची आमची आई चक्क लाजली!

ताईने सावकाश मागे वळून माझ्याकडे बघितलं. "आधी कुईंकुईं वाजायचं. हा आवाज कधीपासून आला?"

"पान तीनशे सहा," मी म्हणालो.

"पान नको. माणूस सांग."

"मी. काल दुपारी."

पुढची पाच मिनिटं मी तुम्हाला सविस्तर सांगत नाही. मला कुंडीवरून, बाईंवरून आणि आईवरून रांगत पुढे यावं लागलं एवढं सांगतो. मग दोन सीटच्या मध्ये ओणवा होऊन मी सेटिंग उघडलं. ताई म्हणाली, "एकही आवाज नको." पट्ट्याचा आवाज बंद केला, त्याऐवजी स्टिअरिंगला नुसती थरथर ठेवली. पुढच्या गाडीचा आवाज बंद केला, आपोआप लागणारा ब्रेक मात्र चालू ठेवला. दाराचा बंद, सीटच्या पट्ट्यांचा बंद, झुडपांचा बंद. 'उर्वरित सर्व इशारे मूक करायचे का?' गाडीने विचारलं. मी ऐटीत 'होय' दाबलं.

"आता पुढे मी बसणार," आई म्हणाली. ताई निमूट मागे गेली. हे दृश्यही मी प्रथमच पाहिलं! आईने पट्टा लावला, आरशात मागच्या सगळ्यांना एकदा मोजलं, आणि बोटातल्या अंगठीने खिडकीच्या काचेवर वाजवलं. टक टक.

गाडी निघाली. आणि काय निघाली हो! पुढच्या वीस मिनिटांत बाबांनी काय चालवली ती गाडी! गर्दीतून, अरुंद बोळातून, उलट आलेल्या कचऱ्याच्या गाडीला मागे घेऊन वाट देत. मुलं रस्ता ओलांडत होती तिथे आईची टक यायच्या आत गाडी थांबलेली. बाईंनी वळण कधीच मागे गेल्याचं कुणालाही सांगितलं नाही, त्यांना मजा वाटत होती. ताईने आधीची सगळी खोडाखोड फाडली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, एकोणीस.

"एक कशाचा कापलास?" बाबांनी विचारलं.

"पूर्ण मार्क मी कुणालाच देत नाही," ताई म्हणाली. "उद्यापासून आईला तुम्हीच न्यायचं."

"उद्या कशाला?" आई म्हणाली. "पिशवी बरोबर आहे. तलाव बारापर्यंत उघडा असतो."

शेवटी बाईंच्या दारात गाडी थांबली. आता ती कुंडी कोण उचलणार? मीच! प्रायश्चित्त म्हणून म्हणा. बाई राहत होत्या तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. झाड छातीशी धरून मी जिने चढलो, बाल्कनीत कुंडी ठेवली. बाई म्हणाल्या जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे, मग होती तिथेच बरी होती. नंतर पाणीही दिलं, झाडाला. घामाघूम होऊन मी बाल्कनीतून खाली बघितलं. बाबांनी गाडी चालूच ठेवली होती. मागचं दार ताईने लावून घेतलं होतं.

टक टक!

तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. आणि गाडी निघाली! "अहो बाबा! ताई! मी राहिलो!" मी हातवारे केले. गाडी सुरेख वळण घेऊन दिसेनाशी झाली.

जिने उतरताना खिशात काहीतरी टोचलं. हात घातला. चावी! आता चावी गाडीबाहेर गेली की गाडी अशी बोंब मारते, अशी बोंब मारते की मेलेला माणूस उठून बसेल. पान दोनशे अकरा. पण सगळे उर्वरित इशारे अर्ध्या तासापूर्वी मूक कोणी केले होते, हे मी पुन्हा सांगत नाही.

अर्ध्या तासाने फोन आला. बाबा होते. आवाजात जुनी शीळ होती. "पोचलो रे! आईला आत सोडली. पण गाडी जरा सावलीत लावावी म्हटलं तर बटण दाबून चालूच होत नाही. पडद्यावर लिहून येतंय, चावी सापडत नाही म्हणून."

"चावी माझ्याकडे आहे बाबा."

"मग घेऊन ये की. सावकाश ये, आईचा व्यायाम तासभर चालतो."

"कशाने येऊ?"

"कशाने म्हणजे? बसने!" बाबा म्हणाले. मग त्यांना माझी दया आली असावी. "ड्रायव्हरच्या मागची सीट बघ. तिथे हिसके कमी बसतात."

ती सीट रिकामी नव्हती. कुठलीच नव्हती. चार डोळ्यांच्या गाडीची चावी मुठीत धरून, एका हाताने दांडी पकडून, मी तलावापर्यंत उभा राहून गेलो.